सूत्र बरोबर, उत्तर चूक

जून उजाडला की मुळशी तालुक्यातल्या चांदे गावात भाताची रोपे वाफ्यांत हिरवी होऊ लागतात आणि सगळ्यांचे डोळे पश्चिमेकडे लागतात. चिखलणीपुरते पाणी कधी होईल, लावणी कधी धरायची, माणसे कोणत्या दिवशी सांगायची, हे सारे पावसावर ठरते. पावसाचा अंदाज आता मोबाइलवर येतो आणि त्यामागची बरीचशी आकडेमोड गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर, पुण्याच्या पाषाण भागात चालते. भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम, तिथे आहे. तिच्या ‘अर्क’ या महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. याचा अर्थ सेकंदाला सुमारे एक कोटी अब्ज गणिते. २६ मे २०२५ रोजी याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ देशाला अर्पण झाली आणि अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. १२ किलोमीटरच्या चौकटीत चांदे आणि पाषाण एकत्र बसू शकतात. मुळशीत ही अडचण फार मोठी आहे. याच तालुक्याच्या एका टोकाला ताम्हिणीचा घाट आहे, तिथे पुणे शहराच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शहरच आहे.

या नव्या प्रणालीच्या बातमीत महासंगणक आला, किलोमीटर आले, मंत्र्यांचे भाषण आले. संगणकाच्या पोटात नेमके काय मोजले जाते, ते मात्र आले नाही. तिथे मोजली जातात ती लेजांद्र फलने. भौतिकशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याला हे नाव चांगले ठाऊक असते, कारण त्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. ही फलने मोजायची कशी, हे मात्र त्याला जवळजवळ कधीच शिकवले जात नाही. महाराष्ट्रातल्या विज्ञान शिक्षणातली ही एक गंभीर उणीव आहे आणि ती भरून काढायला पैसे फार थोडे लागतात.

आधी या फलनांचे काम पाहू. पृथ्वीभोवतीच्या हवेचे तापमान, दाब, वारा हे सगळे गोलाच्या पृष्ठभागावर पसरलेले असतात. कोणतीही गुंतागुंतीची लय साध्या लाटांची बेरीज करून मांडता येते, हे फूरियेने दाखवले. गोलावर पूर्व-पश्चिम दिशेला साइन-कोसाइनच्या लाटा चालतात. उत्तर-दक्षिण दिशेला त्या चालत नाहीत, कारण ध्रुवाकडे जाताना वर्तुळे आक्रसत जातात. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस लेजांद्रने शोधलेली फलने लागतात. दोन्ही मिळून होतात ते गोलीय हार्मोनिक. आयआयटीएममध्ये बसवलेले आणि अनेक वर्षे देशाच्या अंदाजांना आधार देणारे जीएफएस प्रारूप ‘टी १५३४’ म्हणून ओळखले जाते. त्यातला १५३४ म्हणजे किती बारीक लाटांपर्यंत हिशेब न्यायचा त्याची मर्यादा. एका थरातल्या एका राशीसाठी, समजा तापमानासाठी, अशा लाटांचे ११,७८,८८० सहगुणक होतात. संगणक दर पायरीला लाटांवरून जाळीच्या बिंदूंवर येतो, तिथे ढग, ऊन, बाष्प यांचा हिशेब करतो आणि परत लाटांवर जातो. ही ये-जा व्यवहारात आणणारी पद्धत १९७० मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली, डेन्मार्कमध्ये एलियासेन, माखेनहाउअर आणि रासमुसेन यांनी आणि अमेरिकेत ऑर्झाग यांनी. पुढच्या दशकभरात ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेच्या हवामान खात्यांनी ती रोजच्या वापरात आणली.

इथे खरी अडचण सुरू होते. लेजांद्र फलने काढण्याची रूढ रीत पायरीपायरीची आहे. आधी पहिले फलन काढायचे, त्यावरून दुसरे, त्या दोघांवरून तिसरे. पहिल्या फलनात एक भाग असा असतो की ज्यात एकापेक्षा लहान संख्या शेकडो वेळा स्वतःशीच गुणावी लागते. सुमारे ६८ अंश अक्षांशावर, आर्क्टिक वर्तुळाच्या थोडे पलीकडे, ही संख्या ०.३७ च्या आसपास असते. ती ५६४ वेळा गुणली की दशांश चिन्हानंतर जवळपास २४४ शून्ये येतात आणि मग कुठे पहिला अंक दिसतो. इथून सुरू केलेली फलने पुढच्या ९७० पायऱ्यांत वाढत वाढत नेहमीच्या आकाराची होतात. म्हणजे सुरुवातीची ती नगण्य संख्या टाकून देता येत नाही, पुढचे सगळे तिच्यावरच उभे असते. आजच्या संगणकांत नेहमीच्या ‘डबल प्रिसिजन’ मांडणीत सुमारे ३०८ शून्यांपर्यंतची संख्या नीट मावते. १५३४ लाटांपर्यंत निभावते. १९०० च्या आसपास गेले की सुरुवातीची संख्या मावत नाही, संगणक तिला शून्य ठरवतो, आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. लाट अस्तित्वात असते, संगणकापुरती ती नसते. चूक झाल्याचा इशाराही मिळत नाही.

पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा नकाशा करणाऱ्यांना हा खड्डा आधी लागला. २००८ सालचे ‘ईजीएम २००८’ हे प्रारूप २१९० व्या क्रमांकापर्यंत जाते, म्हणजे त्या उंबरठ्याच्या पलीकडे. त्यासाठी संख्या मोठ्या पटीत वाढवून ठेवायची आणि शेवटी पुन्हा उतरवायची अशी युक्ती लागली. होम्स आणि फेदरस्टोन यांनी २००२ मध्ये ती नीट मांडली होती. आता हवामानाच्या प्रारूपांत वेळ वाचवण्यासाठी निम्म्या लांबीच्या, म्हणजे ‘सिंगल प्रिसिजन’च्या संख्या वापरण्याकडे कल आहे. त्यांची मर्यादा अडतीस शून्यांच्या आसपास आहे. युरोपच्या हवामान केंद्राने २०२१ मध्ये हा बदल केला, तेव्हाही लेजांद्र फलने मात्र जुन्या, लांब मांडणीतच काढायची ठेवली. हे शहाणपण कुणा अभियंत्याला आयत्या वेळी सुचलेले नाही. ते एका विषयातून येते. त्या विषयाचे नाव संख्यात्मक विश्लेषण, आणि त्यातलाच एक जुना, चिवट उपविषय म्हणजे विशेष फलनांचे गणन.

वाचकाने हातात पेन घेतले तर या विषयाचा गाभा दहा मिनिटांत दिसतो. त्यासाठी लेजांद्र सोडून बेसेल फलने घेऊ.

गणपतीत मुळशी-मावळातली ढोल-लेझीम पथके पुण्यात उतरतात. ढोलाचे गोल पान काठीने थरथरते तेव्हा त्यावर जे आकार उमटतात त्यांचे गणित बेसेल फलनांत लिहिले जाते. ऑयलरने हा ढोलाचा प्रश्न अठराव्या शतकातच सोडवला होता. पुढे १८२४ मध्ये कोनिग्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी ग्रहांच्या गतीसाठी या फलनांचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून नाव त्यांचे लागले. ताणलेल्या आदर्श पडद्याच्या पहिल्या दोन स्वरांचे गुणोत्तर १.५९३ येते. ३.८३१७ या संख्येला २.४०४८ ने भागले की हे मिळते. पहिली संख्या ‘जे-१’ या फलनाचे पहिले शून्यस्थान, दुसरी ‘जे-०’चे. तबल्या-मृदंगाला शाई लावून आपल्या कारागिरांनी हे बेसूर गुणोत्तर सुरेल केले आणि १९२० मध्ये सी. व्ही. रामन यांनी त्याकडे जगाचे लक्ष वेधले, ती कथा वेगळी सांगण्यासारखी आहे. इथे लक्षात ठेवायचे ते ३.८३१७. ही संख्या पायने भागली की १.२२ मिळतात आणि गोल तोंडाची कोणतीही दुर्बीण किती बारीक पाहू शकते ते या १.२२ वर ठरते. जुन्नर तालुक्यात खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींसाठी त्यातल्या एकेका तबकडीची नजर मध्यापासून साधारण एक तृतीयांश अंशावर प्रथम शून्य होते, आणि त्याचे मूळही त्याच ३.८३१७ मध्ये. ढोलाचा दुसरा स्वर आणि खोडदची तबकडी एकाच संख्येला बांधलेली आहेत.

तर आता ते पेन. बेसेल फलनांचे एक प्रसिद्ध रिकरन्स सूत्र आहे. क्षची किंमत १ घेतली तर ते इतके सोपे होते: चालू पदाला त्याच्या क्रमांकाच्या दुपटीने गुणा, त्यातून मागचे पद वजा करा, पुढचे पद मिळते. कोष्टकात जे-० आहे ०.७६५२ आणि जे-१ आहे ०.४४०१, चार अंकांपर्यंत अचूक. करा सुरू. ०.४४०१ ची दुप्पट ०.८८०२, वजा ०.७६५२, आले ०.११५०. हे जे-२. खरी किंमत ०.११४९, म्हणजे छान. त्याची चौपट वजा ०.४४०१, आले ०.०१९९. खरी किंमत ०.०१९६, चालेल. पुढे सहापट वजा ०.११५०, आले ०.००४४. खरी किंमत ०.००२५, आता उत्तर जवळजवळ दुप्पट झाले. त्यापुढे ०.०१५३. खरी किंमत ०.०००२५! पुढे ०.१४८६. आणि त्यापुढे, म्हणजे जे-७ साठी, १.७६७९. खरी किंमत ०.०००००१५ च्या आसपास.

सूत्र बरोबर आहे. गुणाकार-वजाबाकी बरोबर आहे. उत्तर दहा लाख पटींनी चुकले आहे.

याचे कारण सुंदर आहे. ०.४४०१ ही संख्या खरे तर ०.४४००५, आपण ती पाचव्या अंकाला पूर्णांकित केली. ते अगदी छोटे चुकीचे बी पहिल्यापासून हिशेबात होते. त्या सूत्राची उत्तरे दोन प्रकारची असतात. एक प्रकार क्रमांकाबरोबर झपाट्याने लहान होत जातो, तो आपल्याला हवा असलेला. दुसरा तितक्याच झपाट्याने मोठा होतो. आपल्या पूर्णांकनाच्या चुकीत त्या दुसऱ्याचा एक कण मिसळलेला होता. पुढे जाताना तो फुगत गेला आणि सहा पायऱ्यांत तीस हजार पटींपेक्षा मोठा झाला. सोळा अंक धरणाऱ्या संगणकावर हेच केले तर निकाल काही पायऱ्या उशिरा बिघडतो, पण दहाव्या-बाराव्या क्रमांकापर्यंत त्याचीही हीच गत होते.

उपाय ब्रिटिश गणिती जे. सी. पी. मिलर यांनी दिला आणि १९५२ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या बेसेल कोष्टकांत तो प्रसिद्ध झाला. तो ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. सूत्र उलटे चालवा. सुरुवातीच्या किमती माहीत नसतील तर खोट्या घ्या! जे-७ शून्य धरा आणि जे-६ एक. आता चालू पदाला क्रमांकाच्या दुपटीने गुणून त्यातून पुढचे पद वजा करा, म्हणजे आधीचे पद मिळेल. १२ येतात, मग ११९, मग ९४०, मग ५५२१, मग २११४४ आणि शेवटी जे-० च्या जागी ३६७६७. या सगळ्या संख्या एकाच प्रमाणात चुकलेल्या आहेत, म्हणून त्यांचे प्रमाण दुरुस्त करायचे. बेसेल फलनांचा एक नियम सांगतो की जे-० मध्ये जे-२, जे-४, जे-६ यांची दुप्पट मिळवली की बेरीज जवळपास १ व्हायला हवी. आपली बेरीज येते ४८,०४९. तिने भागा. जे-० येते ०.७६५१९८, जे-१ येते ०.४४००५१, जे-५ येते ०.०००२४९७५. कोष्टकातल्या पहिल्या दोन किमतींशी सहा अंकांपर्यंत जुळणी. दोन मनचे आकडे घेऊन निघालो आणि खऱ्या उत्तराला पोहोचलो, कारण या दिशेने चूक आपोआप विरत जाते.

पदवीच्या विद्यार्थ्याला आपण काय विचारतो? हे रिकरन्स सूत्र सिद्ध करा. तो सिद्ध करतो, गुण घेतो, आणि ते सूत्र एका दिशेने वापरले तर घात होतो हे त्याला कोणी सांगत नाही. सिद्धतेला विरोध नाही, ती हवीच. पण ज्याच्या हाती सूत्र दिले त्याला ते चालवायला शिकवले नाही, तर शिक्षण अर्धे राहते. लेजांद्रची गंमत अशी की ठराविक लाटेसाठी क्रमांक वाढवत पुढे जाणे तिथे सुरक्षित असते. बेसेलला तेच घातक. कोणते सूत्र कोणत्या दिशेने चालवायचे हा निर्णय घेता येणे, हेच या विषयातले खरे कौशल्य. त्याला आपल्या प्रश्नपत्रिकेत जागा नाही.

हे कौशल्य आपल्या मातीला अनोळखी आहे असेही नाही. रायगड जिल्ह्यात मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिले. ग्रहांची स्थाने काढायला ज्या, म्हणजे आजची साइन, लागते आणि तिची कोष्टके घेऊन बसणे पंचांगकर्त्याला जड जाते. गणेशांनी संपूर्ण ग्रंथ ज्या-चापाशिवाय रचला. जिथे ज्या हवी तिथे त्यांनी साधा गुणाकार-भागाकार ठेवला. दिवसांची संख्या लाखांत जाऊ नये म्हणून अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजले, म्हणजे हातातली संख्या नेहमी लहान राहील. आजच्या भाषेत सांगायचे तर किती अचूकता पुरेशी आहे हे त्यांनी आधी ठरवले आणि तेवढ्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग काढला. या परंपरेचे बीज आणखी जुने आहे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करांचे ज्या काढण्याचे सूत्र असे: कोन अंशांत घ्या, १८० मधून तो वजा करून दोहोंचा गुणाकार करा, त्याची चौपट वर ठेवा, आणि खाली ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून मांडा. ३० अंशांना हे बरोबर अर्धा देते. ४५ अंशांना ०.७०५९ देते, खरी किंमत ०.७०७१. शून्यापासून १८० अंशांपर्यंत कुठेही चूक ०.००१७ च्या वर जात नाही. आजचे संगणकही साइन काढताना बहुपदींच्या, आणि कित्येक विशेष फलने काढताना अशाच अपूर्णांकी रूपांच्या आधाराने काम करतात.

त्या परंपरेचे कौतुक करताना तिची मर्यादाही सांगायला हवी. ‘ग्रहलाघव’ इतके सोयीचे होते की महाराष्ट्रात ते शतकानुशतके वापरले गेले आणि हळूहळू पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांपासून सरकत गेले. सोय राहिली, तपासणी थांबली. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे यांनी हे दुखणे ओळखले. पुण्यात डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे हेच केरूनाना. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक मराठीत काढले, युरोपातल्या नव्या वेधांवर आधारलेले. इंग्रजी न येणाऱ्या ज्योतिष्यालाही त्यावरून ग्रह काढता यावेत, हा त्यामागचा आग्रह होता. मराठी विज्ञानलेखनात या पुस्तकाचे नाव जितके घेतले जाते त्याहून कितीतरी जास्त घेतले जायला हवे. कोष्टके म्हणजे कोरडे आकडे, असे समजून आपण ते बाजूला ठेवले.

जगाने ठेवले नाही. १९३८ मध्ये मंदीच्या काळात न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी सरकारने ‘मॅथेमॅटिकल टेबल्स प्रोजेक्ट’ सुरू केला. शेकडो बेकार माणसे, अनेकांना जेमतेम बेरीज-वजाबाकी येत होती, कागदावर विशेष फलनांच्या किमती काढत बसली. गर्ट्रूड ब्लांच या गणितज्ञेने कामाची अशी विभागणी केली की एकाची चूक दुसऱ्याच्या तक्त्यात उघडी पडावी. त्यातूनच पुढे अब्रामोविट्झ आणि स्टेगन यांचे १९६४ चे हँडबुक आले, जे भौतिकशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत झिजले. २०१० मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने त्याचा डिजिटल वारस सर्वांसाठी मोफत खुला केला. आज आपला विद्यार्थी पायथॉनमध्ये एक ओळ लिहून बेसेल फलनाची किंमत मिळवतो. ती ओळ ज्या ग्रंथालयावर उभी राहिली, त्यातला मोठा भाग डोनाल्ड एमॉस यांनी अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात फोरट्रानमध्ये लिहिला, आणि दुसरा मोठा भाग स्टीफन मोशियर यांच्या ‘सेफीस’मधून आला. मूठभर माणसांच्या निष्ठेवर सगळ्या जगाचे गणित चालले आहे. त्या मुठीत पुण्या-मुंबईची बोटे असायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप हमखास येतो. आता कृत्रिम बुद्धिमत्ता पावसाचा अंदाज सांगते, मग हे लेजांद्र-बेसेल कशाला? आक्षेपाला आधार आहे. अमेरिकेने १२ जून २०१९ पासून आपल्या मुख्य प्रारूपातून लाटांची पद्धत काढून टाकली आणि जाळीवरची दुसरी पद्धत स्वीकारली. लाटा हाच एकमेव मार्ग नाही. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उदाहरणाकडे नीट पाहिले तर चित्र वेगळे दिसते. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे अंदाज एसएमएसवर पाठवले. त्यासाठी वापरलेल्या दोन प्रारूपांपैकी एक गूगलचे ‘न्यूरलजीसीएम’. त्याचा गतिशास्त्राचा गाभा गोलीय हार्मोनिकवरच चालतो. दुसरे युरोपीय केंद्राचे, आणि ते ज्या ‘ईआरए ५’ या जुन्या हवामानाच्या नोंदींवर शिकले त्या नोंदी लाटांच्याच प्रारूपाने तयार झाल्या आहेत. शिकणाऱ्या यंत्रालाही शिकवणारा कुणीतरी लागतो, आणि तो शिक्षक अजून लेजांद्रची भाषा बोलतो. पाषाणच्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’नेही लाटा सोडल्या नाहीत. तिने जाळीची आखणी बदलली, त्रिकोणी घन अष्टफलकावर बेतलेली घेतली, त्यामुळे उष्ण कटिबंधात जाळी बारीक झाली.

या सगळ्याला पुण्याइतकी योग्य जागा देशात दुसरी नाही. आयआयटीएम इथे आहे. खोडदच्या दुर्बिणी चालवणारे एनसीआरए विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथले संशोधक आकाशाची चित्रे तयार करताना जी सॉफ्टवेअर वापरतात, त्यात ‘प्रोलेट स्फेरॉइडल’ हे आणखी एक विशेष फलन रोज काम करत असते. शेजारी आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र ही संस्था आहे, १९८८ मध्ये स्थापन झालेली. तिच्या नावातच विद्यापीठांसाठी काम करण्याची जबाबदारी लिहिलेली आहे. आयुकातल्या संशोधकांनी विश्वाच्या आद्य प्रकाशाच्या नकाशांवर वर्षानुवर्षे काम केले आणि ते नकाशेही गोलीय हार्मोनिकमध्येच वाचले जातात. इतके जाणकार एका शहरात असताना तासाभराच्या अंतरावरच्या महाविद्यालयांत हा विषय परीक्षेच्या सिद्धतेपुरता उरावा, हे पटत नाही.

त्यासाठी नव्या इमारती नकोत, महासंगणकही नको. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांच्या वहीत तीन-चार कामे घालावीत. जे-५ ची किंमत दोन्ही दिशांनी काढून दोन्ही उत्तरे शेजारी मांडणे, हे पहिले. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ते दोन तासांत होते. लेजांद्र फलनाची सुरुवातीची किंमत कोणत्या क्रमांकाला संगणकात शून्य होते ते शोधणे, हे दुसरे. त्याला कोणताही लॅपटॉप पुरतो. पहिल्या भास्करांचे सूत्र पाच-पाच अंशांनी तपासून चुकीचा आलेख काढणे, हे तिसरे, आणि ते अकरावीतल्या मुलालाही जमेल. चौथे काम आयआयटीएमने द्यावे: आपल्या प्रारूपाचा एखाद्या दिवसाचा खरा विदा, लहान करून, विद्यार्थ्यांसाठी खुला करावा, म्हणजे चांद्याच्या आसपासच्या पावसाचा अंदाज कमी लाटांत किती बिघडतो आणि जास्त लाटांत किती सुधारतो हे त्यांना स्वतः पाहता येईल. आयुका आणि एनसीआरए यांनी मिळून याची मार्गदर्शिका मराठीत आणि इंग्रजीत काढावी. केरूनानांनी १८६० मध्ये एकट्याने केले, ते तीन राष्ट्रीय संस्थांना अवघड जाऊ नये.

आणि विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी पुढच्या फेररचनेत लेखी परीक्षेचा प्रश्न थोडा वाढवावा. ‘रिकरन्स सूत्र सिद्ध करा’ एवढ्यावर न थांबता त्याखाली आणखी एक ओळ असावी, पाच गुणांची: हे सूत्र तुम्ही कोणत्या दिशेने चालवाल, आणि का?